व्हिक्टोरियन नाताळकार्डांवर मेलेला रॉबिन आणि चोर बेडूक कशासाठी?

पानगळ

नमस्कार. गेली काही वर्षे मी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ राहते. मागच्या महिन्यात येथील जुन्या वस्तूंच्या बाजारात मला चिकटवहीसारखा एक जाडजूड अल्बम मिळाला. त्याच्या पानांवर एकोणिसाव्या शतकातील चाळीसेक नाताळकार्डे डकवलेली आहेत. बहुतेक कार्डे पोस्टकार्डापेक्षाही लहान आहेत, मधोमध घडी असलेले एकही नाही, आणि दोन कार्डांच्या चारही कडांना रेशमी झालर लावलेली आहे.

मला चक्रावून टाकले ते त्यांच्यावरील चित्रांनी. माझ्या लहानपणी पुण्यात लष्कर भागातील दुकानांत डिसेंबरमध्ये जी कार्डे मिळत, त्यांच्यावर गोठ्यातील बाळ येशू, तारा, बर्फ आणि लाल अंगरख्यातला म्हातारा यांपैकी काहीतरी हमखास असे. या अल्बममध्ये गोठा एकाच कार्डावर आहे आणि लाल अंगरखा कुठेच नाही. त्याऐवजी रानगुलाब आहेत, प्रिमरोझची फुले आहेत, समुद्रकिनाऱ्यावर खेळणारी मुले आहेत, आणि एका कार्डावर बर्फात पाय वर करून मरून पडलेला रॉबिन पक्षी असून त्याच्याखाली आनंदी नाताळाची शुभेच्छा छापली आहे. शोध घेतल्यावर आंतरजालावर आणखी विचित्र नमुने दिसले: एका बेडकाला भोसकून त्याची पैशांची थैली घेऊन निघालेला दुसरा बेडूक, शेवंड्यावर स्वार झालेला उंदीर, पोलिसाला छळणारा विदूषक. अशा चित्रांच्या संग्रहांखाली बहुधा एकच शेरा असतो, की त्या काळच्या इंग्रजांना मृत्यूचे वेड होते. हे उत्तर मला पटत नाही, पण दुसरे उत्तरही मजजवळ नाही. ही कार्डे नेमकी कोणत्या भावनेने पाठवली जात असत, आणि माझ्याजवळची कार्डे कोणत्या दशकातील आहेत हे कसे ओळखावे, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

टपालप्रेमी

आपल्या पहिल्या प्रश्नाकडे मी टपालाच्या बाजूने जातो, कारण नाताळकार्डाचा जन्म चर्चमध्ये झाला नाही, तो टपालखात्याच्या दारात झाला असे माझे मत आहे.

१० जानेवारी १८४० रोजी ब्रिटनमध्ये एकसमान पेनी टपाल सुरू झाले. तोपर्यंत पत्राचा खर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे व तो बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी पडे. आता अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र एका पेनीत देशात कुठेही जाऊ लागले आणि पैसे पाठवणारा आधीच भरू लागला. या सुधारणेसाठी रोलंड हिल यांच्या बरोबरीने झटलेल्यांमध्ये हेन्री कोल हे एक अधिकारी होते. त्यांचा परिचय दांडगा होता, आणि वर्षअखेरीस प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहिण्याची रीत पाळणे त्यांना अशक्य होऊ लागले. म्हणून १८४३ साली त्यांनी आपले चित्रकार स्नेही जॉन कॅल्कॉट हॉर्स्ली यांच्याकडून एक चित्र काढून घेतले, ते शिळेवरून छापले आणि प्रत्येक प्रत हाताने रंगवून घेतली. स्वतःच्या गरजेपलीकडच्या प्रती एक शिलिंग किमतीला विक्रीस ठेवल्या गेल्या. विक्रीसाठी छापलेले पहिले नाताळकार्ड म्हणून ओळखले जाते ते हेच.

ते चित्र पाहण्यासारखे आहे. द्राक्षवेलीच्या मांडवासारखी चौकट, मध्ये तीन पिढ्यांचे एक कुटुंब मेजाभोवती बसून समोर पाहत पेले उंचावते आहे, आणि दोन्ही बाजूंच्या अरुंद कप्प्यांत भुकेल्यांना अन्न व उघड्यांना वस्त्र देण्याची दृश्ये आहेत. येशूचे चित्र पहिल्या कार्डावरही नव्हते; धर्म होता तो दानाच्या रूपाने. डिकन्स यांची नाताळावरील सुप्रसिद्ध कथा त्याच डिसेंबरात प्रसिद्ध झाली, हे लक्षात घेतले म्हणजे सणाच्या दिवशी गरिबाची आठवण ठेवावी हा विचार त्या वर्षी किती लोकांच्या मनात होता ते कळते. मद्यपानविरोधी मंडळींनी मात्र त्या चित्रावर टीका केली, कारण त्यात एका लहान मुलीच्या ओठांना वाइनचा पेला लावलेला दिसतो.

किमतीचाही विचार करावा. एक शिलिंग म्हणजे बारा पेन्स, म्हणजे ज्या टपालाने कार्ड जाणार त्याच्या बारा पट. ज्या शेतमजुराला आठवड्याला आठ-दहा शिलिंग मिळत, त्याच्यासाठी ही वस्तू नव्हतीच. त्यामुळे ही प्रथा लगेच रुजली नाही. विल्यम एग्ली या तरुण चित्रकाराने १८४८ च्या सुमारास दुसरे एक कार्ड केले, परंतु खरा व्यापार १८६० नंतरच उभा राहिला. चार्ल्स गुडॉल अँड सन ही पत्ते बनवणारी लंडनची कंपनी १८६२ च्या सुमारास या धंद्यात उतरली. जाड कागदाचे छोटे, नेमके कापलेले तुकडे छापण्याची सारी सामग्री त्यांच्याकडे तयारच होती. त्यांची सुरुवातीची कार्डे भेटीला जाताना द्यायच्या नावाच्या कार्डाएवढीच असत. आपल्या अल्बममधील सर्वांत लहान कार्डे त्या घाटाची असण्याची शक्यता आहे.

१८७० साली अर्ध्या पेनीचा दर आला आणि उघड्या पाकिटातील छापील कार्ड अर्ध्या किमतीत जाऊ लागले. पुढच्या दहा वर्षांत डिसेंबरमधील टपाल इतके वाढले की, १८८० साली टपालखात्याला जनतेस आवाहन करावे लागले, की नाताळाचे टपाल लवकर टाका.

आता रॉबिनविषयी. हा पक्षी आपल्याकडचा दयाळ किंवा चीरक नव्हे. युरोपातील रॉबिन हा चिमणीएवढा, नारिंगी-तांबड्या छातीचा पक्षी आहे आणि तो ऐन हिवाळ्यातही अंगणात येऊन गातो. लंडनचे पत्रवाटप करणारे शिपाई १८६१ पर्यंत लाल कोट घालत असत आणि लोक त्यांना रॉबिन म्हणत. म्हणून चोचीत पाकीट धरलेला किंवा दारावर टकटक करणारा रॉबिन कार्डांवर वारंवार येतो. तो पक्षी म्हणजे पत्र आणणारा माणूसच होय. मेलेल्या रॉबिनचा उलगडा मात्र टपालाच्या इतिहासातून होत नाही. तो दुसऱ्या कोणी करावा.

जाता जाता मराठी वाचकांसाठी एक दुवा देतो. हेच हेन्री कोल पुढे १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनाचे एक प्रमुख सूत्रधार झाले आणि साउथ केन्सिंग्टनचे संग्रहालय, म्हणजे आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, त्यांनी उभे केले. तेथे उभ्या राहिलेल्या कलाशिक्षणाच्या पद्धतीत तयार झालेले जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स १८६५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवू लागले, आणि ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या मराठी, पारशी व इतर विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. नाताळकार्डाचा जनक आणि अजिंठ्याच्या प्रतिकृती यांच्यामध्ये एकाच संस्थेचे अंतर आहे, हे मला फार लोभस वाटते.

उत्तररात्र

टपालप्रेमी यांनी सोडलेला धागा उचलतो.

आंतरजालावर फिरणाऱ्या त्या संग्रहांविषयी आधी स्पष्ट बोलले पाहिजे. त्या काळात छापलेल्या असंख्य कार्डांतून आजच्या माणसाला धक्का देतील अशी पंचवीस-तीस चित्रे वेचून काढायची आणि त्यांवरून एका समाजाचे मन ठरवायचे, हा अन्याय आहे. मूळ पोस्ट लिहिणाऱ्या ताईंच्या अल्बमकडेच पाहा: चाळीस कार्डांत मेलेला रॉबिन एक, आणि उरलेल्यांत फुले, मुले, किनारे. खरे प्रमाण हे असे असते. एका सामान्य कुटुंबाने जपलेला अल्बम या बाबतीत हजार शेअर झालेल्या चित्रांपेक्षा अधिक विश्वासार्ह साक्षीदार आहे.

तरीही ती विचित्र चित्रे होती, आणि त्यांना कारणेही होती. विदूषकाचे कारण सर्वांत सोपे आहे. नाताळाच्या दुसऱ्या दिवसापासून इंग्लंडच्या नाट्यगृहांत पँटोमाइम नावाचे खेळ लागत, आणि त्यांच्या शेवटच्या भागात विदूषक सॉसेजच्या माळा पळवी, तापलेली सळई घेऊन लोकांमागे धावे, पोलिसाला बडवून काढी. १८३७ साली वारलेल्या जोसेफ ग्रिमाल्डी यांनी या विदूषकाला जे रूप दिले, ते पुढे पन्नास वर्षे टिकले. कार्ड हातात घेणाऱ्या मुलाला ते चित्र क्रूर वाटत नसे. दिवाळीच्या सुट्टीत बालनाट्य पाहून आलेल्या मुलाला चेटकिणीचे चित्र पाहताना जसा आनंद होतो, तसाच त्याला नाटकाला जाण्याच्या आठवणीने होत असे.

बेडकांचे मूळ दुसरीकडे आहे. वर उल्लेख आलेल्या १८५१ च्या महाप्रदर्शनात स्टुटगार्टच्या हर्मन प्लुके यांनी पेंढा भरलेले प्राणी माणसांसारखे बसवून मांडले होते: चहा पिणारी मांजरे, दाढी करून घेणारा बेडूक. लोकांनी त्यांच्यापुढे गर्दी केली, आणि प्राण्याला माणसाची कामे करताना दाखवण्याची आवड पुस्तकांत, खेळण्यांत आणि कार्डांत पसरली. थैली पळवणारा बेडूक हा त्या परंपरेतील एक अतिरेकी नमुना आहे. मी त्यात गूढ अर्थ शोधणार नाही. आपल्या पंचतंत्रातही बगळा मासे फसवून खातो आणि शेवटी खेकडा त्याची मान तोडतो. ती चित्रे मुलांच्या पुस्तकांत छापताना आपल्याला कधी संकोच वाटला नाही.

आता तो रॉबिन. या पक्ष्याभोवती इंग्रजांच्या मनात अनेक कथा एकवटल्या आहेत. क्रुसावरील येशूच्या काट्यांच्या मुकुटातील काटा उपटताना त्याची छाती रक्ताने लाल झाली, अशी एक लोककथा आहे. रानात हरवून मेलेल्या दोन भावंडांवर रॉबिनने पाने पांघरली, अशी दुसरी आहे. रॉबिनला मारणे अशुभ, ही समजूत सर्वदूर होती. शिवाय रॉबिनला कोणी मारले हे विचारणारे आणि त्याच्या अंत्ययात्रेचे वर्णन करणारे बालगीत प्रत्येक इंग्रज मुलाला पाठ असे. ससेक्समधील ब्रॅम्बर गावच्या वॉल्टर पॉटर यांनी १८६१ साली त्या गीतावरचे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे एक दृश्य पूर्ण केले, आणि ते पाहायला लोक दुरून येत. म्हणजे मेलेला रॉबिन ही त्या मुलांच्या ओळखीची, बालपणापासून डोळ्यांत पाणी आणणारी प्रतिमा होती.

तिला नाताळच्या कार्डावर का आणले असेल? माझे उत्तर असे आहे, की बर्फात गारठून मेलेले लहानगे पाखरू पाहून वाचणाऱ्याला कणव यावी, आणि ज्याच्या घरात शेकोटी आहे त्याला शेकोटी नसलेल्यांची आठवण व्हावी. पहिल्या कार्डावरील बाजूच्या दोन कप्प्यांचे काम येथे एका पक्ष्याने केले आहे. ‘तुमचा नाताळ आनंदाचा होवो’ या ओळीतील ‘तुमचा’ या शब्दावर जोर देऊन ती पुन्हा वाचून पाहा: याच्या वाट्याला हे आले, तुमच्या वाट्याला ते न येवो. ज्या समाजात कितीतरी घरांनी एखादे तान्हे मूल गमावलेले असे, त्या समाजात हे चित्र पाठवणारा माणूस मृत्यूचा शौकीन नव्हता. तो दुःखाला सणाच्या दिवशीही घराबाहेर ठेवत नव्हता, एवढेच.

टपालप्रेमी

उत्तररात्र, ‘तुमचा’ या शब्दाचे आपले वाचन मला पटले. एक पुरवणी मात्र जोडतो. २६ डिसेंबरला, म्हणजे संत स्टीफनच्या दिवशी, आयर्लंडमध्ये आणि आइल ऑफ मॅन बेटावर रेन या इवल्या पक्ष्याची शिकार करून त्याला घरोघर मिरवण्याची जुनी रीत होती. तिचा आधार घेऊन काही जण मेलेल्या पक्ष्याच्या कार्डांना शुभशकुनाचा अर्थ देतात. परंतु ती रीत रेनची आहे, रॉबिनची नव्हे. रॉबिनला मारणे तर निषिद्धच होते. म्हणून मला कणवेचा अर्थ अधिक जवळचा वाटतो.

शिळाछाप

माझे आजोबा पुण्यात एका शिळाछापखान्यात कामाला होते, त्यामुळे मी या कार्डांकडे आधी छपाई म्हणून पाहतो. काळ ठरवण्याच्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः तेथेच आहे.

शिळाछापाचे तत्त्व साधे आहे: तेल आणि पाणी मिसळत नाहीत. बव्हेरियातील सोल्नहोफेनच्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, मग तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. शाई चित्राला धरते, ओल्या भागाला धरत नाही. रंगीत छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. चांगल्या कार्डाला दहा-बारा, कधी वीसपर्यंत दगड वापरले जात, आणि प्रत्येक वेळी कागद केसभरही न सरकता त्याच जागी बसावा लागे. यालाच छापखान्यात रजिस्टर जुळणे म्हणतात. बोस्टनचे लुई प्रँग यांनी या कामात असे कौशल्य मिळवले की, त्यांची कार्डे १८७०च्या दशकात आधी इंग्लंडमध्ये विकली गेली आणि मग खुद्द अमेरिकेत.

आपण एक चांगले भिंग घ्यावे. मुलांच्या गालांवर किंवा आकाशाच्या फिक्या भागावर रंगाचे ठिपके हाताने टाकल्यासारखे, लहानमोठे आणि विस्कळीत दिसले, तर ती शिळाछाप होय. ठिपके जाळीसारखे सरळ रांगांत दिसले, तर छपाई फोटोयांत्रिक असून कार्ड शतकाच्या अगदी शेवटचे किंवा त्यानंतरचे आहे. लेससारखा छिद्रांचा, उठावाचा कागद आणि मध्ये चिकटवलेले छोटे चित्र असेल, तर १८६० च्या दशकाचा विचार करावा. रेशमी झालर १८८० च्या दशकात विशेष लोकप्रिय होती. कोपऱ्यात बारीक अक्षरांत प्रकाशकाचे नाव किंवा चिन्ह असते: बेलफास्टचे मार्कस वॉर्ड, लंडनचे डे ला रू, हिल्डेशायमर, आणि राफाएल टक. चित्रकाराची घोडी, म्हणजे चित्र टेकवण्याची तिवई, आणि रंगांची पाटी हे टक यांचे चिन्ह होय. जर्मनीत छापल्याची नोंद सापडली तर चकित होऊ नये. चित्र इंग्रज, दगड आणि कारागीर जर्मन, असे फार कार्डांच्या बाबतीत घडले. १८८७ साली मालाच्या उगमाविषयीचा कायदा आल्यानंतर अशा नोंदी वाढल्या.

फुलांविषयी आणि येशूच्या अनुपस्थितीविषयी एक व्यावसायिक कारण सांगतो. दगडांचा संच तयार करणे महाग होते. रानगुलाबांचे एक चित्र तयार असेल, तर तळाची ओळ बदलून तेच नाताळाला, नववर्षाला आणि वाढदिवसाला विकता येत असे. गोठ्याचे चित्र वाढदिवसाला चालत नाही. दुसरे असे, की हा व्यापार चर्चच्या हाती कधीच नव्हता. राफाएल टक हे प्रशियातून लंडनला आलेले ज्यू गृहस्थ होते. त्यांच्या घराण्याच्या कंपनीने १८८० साली लंडनच्या डडली गॅलरीत नाताळकार्डांच्या चित्रांची स्पर्धा भरवली आणि ५०० पौंडांची बक्षिसे ठेवली. तेव्हापासून कार्ड हे सामान्य घरात पोहोचणारे खऱ्या चित्रकाराचे चित्र मानले जाऊ लागले. केट ग्रीनअवे या चित्रकर्तीचा हात बसला तो मार्कस वॉर्डसाठी कार्डे काढतानाच. ज्या घरात तैलचित्र कधी येणार नव्हते, त्या घरात तिची टोपीवाली मुले अर्ध्या पेनीच्या टपालाने आली. लोकांनी ती अल्बमात का डकवली, याचे उत्तर मला यात दिसते.

आपल्याकडेही हे घडले. राजा रविवर्मा यांचा १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखाना याच तंत्रावर, जर्मन यंत्रे आणि जर्मन तंत्रज्ञ घेऊन चालला. आमच्या देवघरातील लक्ष्मी आणि आपल्या अल्बममधील रानगुलाब एकाच प्रकारच्या दगडावरून उतरले आहेत.

पानगळ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री भिंग घेऊन बसले. झालरीच्या दोन्ही कार्डांवर विस्कळीत ठिपके आहेत, आणि त्यांपैकी एकावर घोडी व रंगांची पाटी स्पष्ट दिसते. रॉबिनच्या कार्डाचा एक कोपरा पानापासून सुटलेला होता, तो हलकेच उचलून पाहिला. मागे शाईने लिहिलेल्या दोन ओळींचा शेवट तेवढा दिसतो: मावशीकडून किंवा आत्याकडून भाचीला, प्रेमपूर्वक. इंग्रजीत दोघींना एकच शब्द असल्याने नाते ठरत नाही. म्हणजे हे चित्र एका मुलीसाठी निवडले गेले होते, आणि तिने ते टाकून न देता अल्बमच्या पहिल्या पानावर लावले. उत्तररात्र यांचे म्हणणे मला आता अधिकच पटते.

उरलेला मजकूर वाचण्यासाठी कार्ड पाण्याने सुटे करावे काय?

शिळाछाप

कृपया पाण्याला हात लावू नका. जुनी खळ पाण्याने सुटते हे खरे, पण हाताने लिहिलेली शाई पसरेल, झालरीचा रंग कागदात उतरेल आणि थरांनी बनलेले जाड कार्ड फुगून उकलेल. सुटलेल्या कोपऱ्याखाली आम्लरहित पातळ कागद सरकवून ठेवा, अल्बम आडवा ठेवा, उजेड आणि दमट भिंत टाळा.

आपण मँचेस्टरजवळच राहता, हे उत्तम. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या विशेष संग्रहात लॉरा सेडन यांनी जमवलेली व्हिक्टोरियन व एडवर्डियन काळातील सुमारे ३२,००० शुभेच्छापत्रे आहेत. आधी पत्र लिहून वेळ घ्या आणि अल्बम आहे तसा घेऊन जा. तेथे आपल्या रॉबिनची दुसरी प्रत सुटी ठेवलेली सापडली, तर तिच्या पाठीवर छापलेली कविता, असल्यास, आपल्याला वाचता येईल, आणि त्या भाचीचे कार्ड तिने जेथे लावले तेथेच राहील.